चार मिनिटांचा कौल

पांढऱ्या टाइलवर सिरमचा थेंब, त्याच्या शेजारी गुलाबी द्रवाचा थेंब. काडीने दोन्ही एकत्र करायचे आणि सुपात तांदूळ घोळवावेत तशी टाइल हलक्या हाताने फिरवत राहायची. चार मिनिटं. गुलाबी रंग एकसारखा राहिला तर शेळी सुटली. नासलेल्या दुधासारखे बारीक कण फुटू लागले, तर ती अडकली.

या तपासणीला 'रोझ बेंगाल' म्हणतात. गुलाबी द्रवात ब्रुसेला नावाच्या जिवाणूच्या मारलेल्या, रंगवलेल्या पेशी असतात. शेळीच्या रक्तात त्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं असली की ती या पेशींना एकमेकींना चिकटवतात आणि कण दिसतात. उपकरण नको, वीज नको, खर्च किरकोळ. म्हणूनच सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, शोधण्यासाठी देशभर पहिला हात याच टाइलवर फिरतो.

मी पाहत होतो त्या टाइलवर धाराशिव जिल्ह्यातल्या एका वस्तीवरचे पाच नमुने होते. बेचाळीस उस्मानाबादी शेळ्यांचा कळप. महिनाभरात सात शेळ्यांनी गाभ टाकलेला. पाच नळ्यांपैकी दोनांत कण फुटले. दोन दिवसांनी पशुवैद्यकांसोबत तो निकाल घेऊन वस्तीवर गेलो, तेव्हा कळपाच्या मालकीणबाईंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि सरळ प्रश्न टाकला.

"डॉक्टरसाहेब, चार शेळ्या गाभडल्या म्हणून त्यांचं रक्त नेलं. त्यातल्या तिघी चांगल्या म्हणता. अन् ही काळी, जी अजून गाभण आहे, चरती, रवंथ करती, ती आजारी? हा कसला रिपोर्ट?"

प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तरासाठी बरंच लांब जावं लागतं. आधी माल्टापर्यंत.

*

भूमध्य समुद्रातलं माल्टा बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथल्या सैनिकांना एक चिवट ताप यायचा. आठवडेच्या आठवडे चढ-उतार, घाम, सांधेदुखी, आणि बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा उलटायचा. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या तापाचा जिवाणू शोधला. तो माणसात येतो कुठून, हे मात्र पुढची अठरा वर्षं कळलं नाही. पाणी, धूळ, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्यांवर कुणाचा डोळा गेला नाही, कारण त्या दिवसभर समोर असायच्या. तिथल्या वॅलेटा शहराच्या गल्ल्यांतून कळप फिरायचे, दारात उभं राहून दूध काढून दिलं जायचं आणि शेळ्या ठणठणीत दिसायच्या.

१९०५ च्या जून महिन्यात थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टीज डॉक्टरला प्रयोगासाठी निरोगी शेळ्या हव्या होत्या. त्यांना मुद्दाम जिवाणू देऊन काय होतं ते पाहायचं होतं. खबरदारी म्हणून त्याने आधी रक्त तपासलं. सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्तात गुठळ्या झाल्या. प्रयोग सुरू होण्याआधीच उत्तर हाती आलं होतं.

त्याच उन्हाळ्यात माल्टाच्या साठेक शेळ्या 'जोशुआ निकोल्सन' या जहाजातून अमेरिकेकडे निघाल्या. उत्तम दुभत्या, दिसायला निकोप, पारखून घेतलेल्या. वाटेत खलाशांनी त्यांचं दूध प्यायलं आणि त्यांच्यातले बरेचजण तापाने पडले. अमेरिकेत पोचल्यावर शेळ्यांना विलगीकरणात ठेवलं आणि अखेर मारून टाकावं लागलं. इकडे १९०६ मध्ये सैनिकांच्या आहारातून शेळीचं दूध काढलं, तर छावणीतला ताप झपाट्याने ओसरला.

मालकीणबाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. ब्रुसेला शेळीला झोपवत नाही. तो गर्भाशयात आणि कासेत बिऱ्हाड करतो. शेळी पहिल्यांदा सहसा शेवटच्या दोन महिन्यांत गाभडते; पुढची वेतं सुखरूपही होतात. पण वार, गर्भजल आणि दूध यांतून जिवाणू बाहेर पडत राहतो. काळी चरते, रवंथ करते, हे खरंच. ती आजारी आहे हेही खरं असू शकतं. डोळ्यांनी केलेली पारख जिथे संपते तिथे रक्ताची तपासणी सुरू होते.

पण ज्या तिघी गाभडूनही निगेटिव्ह आल्या त्यांचं काय?

*

शरीराला प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो. गाभडण्याच्या दिवशी, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं, तर जिवाणू वारेत खच्चून भरलेला असूनही रक्तात पुरावा नसतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना घ्यायचा असतो. घाबरलेला पशुपालक डॉक्टरला बोलावतो पहिल्या दिवशी, रक्त जातं पहिल्या दिवशी, आणि 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद त्याच्याकडे कायमचा राहतो. दुसरा नमुना घ्यायला ना तो बोलावतो, ना कुणी जातं.

दुसरं कारण टाइलवरच आहे. रोझ बेंगालची पद्धत गायी-म्हशींसाठी बसवलेली: सिरम आणि गुलाबी द्रव समसमान. तो द्रवही बनतो गायीतल्या ब्रुसेला अबॉर्टसपासून, तर शेळीला बहुधा होतो ब्रुसेला मेलिटेन्सिस. दोघं सख्खे भाऊ, त्यामुळे तपासणी चालून जाते. पण शेळी-मेंढीत समसमान थेंब घेतले तर काही आजारी जनावरं निसटतात. म्हणून लहान जनावरांसाठी एक भाग द्रवाला तीन भाग सिरम घ्यावं, अशी जागतिक पशुआरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे पंचवीस मायक्रोलिटर द्रव, तर पंचाहत्तर मायक्रोलिटर सिरम. फरक दोन थेंबांचा, पण गायीच्या मापाने शेळी मोजली की चूक तिथेच होते.

तिसरं कारण वाटेत घडतं. शेळीच्या मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, नळी तिरपी ठेवून गोठू द्यायचं, वर सुटलेलं पिवळसर सिरम वेगळं करून थंडीत पाठवायचं. प्रत्यक्षात एप्रिलचं ऊन असतं, नळ्या मोटारसायकलच्या डिकीत असतात आणि पुढे कच्चा रस्ता. तांबड्या पेशी फुटून सिरम लालभडक होतं. अशा सिरममध्ये गुलाबी कण शोधणं म्हणजे शेंदरात कुंकू शोधणं. गुलाबी द्रव फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरला तरी निकाल फसतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. चार मिनिटांऐवजी टाइल आठ मिनिटं ठेवली, तर थेंब कडेने सुकून नसलेले कणही दिसू लागतात.

हे सगळं निगेटिव्हचं झालं. पॉझिटिव्हही फसवू शकतो. येर्सिनिया नावाच्या एका आतड्यातल्या जिवाणूचा अंगरखा ब्रुसेलासारखाच असतो. तो होऊन गेलेल्या जनावराचं रक्त ब्रुसेलाच्या द्रवातही गुठळ्या करतं. ओळखपरेडीत चुकीचा माणूस धरला जावा, तसं.

*

तपासणी किती भरवशाची, असं विचारलं की लोकांना एक आकडा हवा असतो. नव्वद टक्के, पंचाण्णव टक्के. खरी गोम अशी, की तीच तपासणी एका कळपात भरवशाची असते आणि दुसऱ्यात नसते. थोडा हिशेब करू.

समजा, शंभर आजारी शेळ्यांतल्या नव्वद पकडणारी आणि शंभर निरोगी शेळ्यांतल्या पंचाण्णव सोडणारी तपासणी आपल्याकडे आहे. ती हजार शेळ्यांवर लावली आणि त्या भागात रोग कमी आहे, शंभरात दोन. म्हणजे २० आजारी, ९८० निरोगी. विसांतल्या १८ पकडल्या जातील. ९८० मधल्या ४९ उगाच अडकतील. हातात आल्या ६७ पॉझिटिव्ह शेळ्या. त्यांतल्या खऱ्या आजारी फक्त १८.

आता तीच तपासणी, तेवढ्याच शेळ्या, पण रोग शंभरात तीस. ३०० आजारींतल्या २७० पकडल्या, ७०० निरोगींतल्या ३५ उगाच अडकल्या. ३०५ पॉझिटिव्हपैकी २७० खऱ्या.

थेंब तोच, टाइल तीच, डॉक्टर तोच. पहिल्या गावात पॉझिटिव्ह म्हणजे 'पुन्हा पाहा'; दुसऱ्या गावात पॉझिटिव्ह म्हणजे 'बाजूला बांधा'. म्हणून गाळणी दोन लावतात. पहिली स्वस्त, जरा जास्तच संशयी. तिच्यात अडकलेल्यांना एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीसारखी दुसरी. पण दुसऱ्या गाळणीतून काय वाचायचं तेही कळपाचा इतिहास माहीत असल्याशिवाय ठरत नाही. शेळ्या गाभडल्यात का? नवीन जनावर आणलंय का? लस कुठली टोचली? हे न विचारता नळीवर निकाल लिहिणं म्हणजे अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं.

आणि नळ्या किती घ्यायच्या? शंभर शेळ्यांच्या कळपात दहा आजारी आहेत आणि आपण डोळे मिटून पाचच नमुने घेतले, तर त्या पाचांत एकही आजारी शेळी नसण्याची शक्यता ५८ टक्के आहे. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. 'कळपात रोग नाही' असं पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणायचं तर निदान पंचवीस नमुने लागतात, तेही तपासणी कधीच चुकत नाही असं धरून. पाच नळ्यांवर कळप निर्दोष ठरवणारा कागद म्हणजे पाच दाणे दाबून भाताचा अख्खा हंडा शिजला म्हणणं. भाताच्या बाबतीत ते चालतं, कारण आच सगळ्या दाण्यांना सारखी लागते. रोग तसा लागत नाही.

*

ब्रुसेलोसिस निदान दाखवतो तरी. शेळ्यांचे इतर रोग तपासणीला याहून चकवतात.

जोन्स रोगाचंच बघा. १८९५ मध्ये जर्मनीत वर्णन झालेला हा आतड्याचा आजार. गायीला हगवण लागते. शेळी बहुधा नुसती झिजत जाते. खाते-पिते, पण बरगड्या मोजता येतात. करडाला लागण होते आणि लक्षणं दिसतात वर्ष-दोन वर्षांनी. सुरुवातीच्या काळात रक्तात प्रतिपिंडं नसतातच, त्यामुळे एलायझा मूग गिळून बसते. लेंड्यांतून जिवाणू वाढवून पाहायचा तर काही महिने लागतात. तोवर शेळी तीन बाजार हिंडून आलेली असते. शिवाय अंगावर पुवाच्या गाठी येणाऱ्या शेळ्यांना जो जिवाणू असतो, तो जोन्सच्या तपासणीला फसवू शकतो. मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी परदेशी किटवर विसंबून न राहता इथेच सापडणाऱ्या जिवाणूपासून एलायझा बनवली. त्यामागचा विचार साधा: इथल्या शेळीच्या रक्ताला इथलाच जिवाणू ओळखीचा.

पीपीआरची गोष्ट उलटी. शेळ्या-मेंढ्यांची ही बुळकांडी १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली आणि भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरासूर गावी. ताप, वाहतं नाक, तोंडात फोड, हगवण, आणि कळपात मरतूक. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने हिमाचलमधल्या सुंगरी इथल्या विषाणूपासून केलेली लस उत्तम चालते. पण लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या शेळीच्या रक्तात फरक करता येत नाही. रक्त पॉझिटिव्ह आलं, म्हणजे शेळी आजारी की सुरक्षित? दोन्ही असू शकतं. रोग चालू आहे का हे पाहायचं तर नाकातला, डोळ्यातला स्राव घेऊन विषाणूच शोधावा लागतो. करडांची आणखी वेगळी तऱ्हा. चिकातून आईची प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात येतात आणि तीन-चार महिने टिकतात. तोवर करडाचं रक्त बोलतं ते आईबद्दल.

कधी कधी तपासणीची मर्यादा ओळखून सगळा कळपच एकक धरावा लागतो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुभत्या शेळ्यांतून क्यू-फिव्हर माणसांत पसरला. चार हजारांहून अधिक लोक आजारी पडले. कुठली शेळी जिवाणू सोडते आणि कुठली नाही, हे एकेकीचं रक्त पाहून वेळेत सांगता येत नव्हतं. मग सरकारने गोठ्यातल्या एकत्रित दुधाच्या टाकीची तपासणी लावली. टाकी पॉझिटिव्ह, तर त्या गोठ्यातल्या सगळ्या गाभण शेळ्या मारायच्या. पन्नास हजारांहून जास्त शेळ्या गेल्या. त्यांत निरोगी किती होत्या, याचा हिशेब कुणालाच करता आला नाही. मालकांना भरपाई मिळाली, म्हणून हे शक्य झालं.

*

आपल्याकडे नेमकं इथेच गाडं अडतं.

२०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात एक कोटी सहा लाख. यातल्या बहुतेक भूमिहीनांच्या, अल्पभूधारकांच्या, बायकांच्या दोन-चार-दहा शेळ्या. कुणाच्या अर्धलीने पाळलेल्या: शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलोसिसची लस आहे, पण ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना. शेळीच्या वाट्याला ती येत नाही.

अशा ठिकाणी 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा अर्थ काय? पुस्तक सांगतं, पॉझिटिव्ह जनावर कळपातून काढा. काढून ठेवायचं कुठे? एकच गोठा, एकच कुंपण. पदरचे पैसे घालून शेळी मारायची, तर दिवाळीपूर्वी दुकानाची उधारी कशातून फेडायची? मग शेळी आठवडी बाजारात जाते. खाटकाने घेतली तर संपलं. दुसऱ्या पशुपालकाने घेतली, तर रोग नव्या गावाला गेला. तपासणी बरोबर होती, निकाल बरोबर होता, आणि परिणाम मात्र तपासणी केलीच नसती त्यापेक्षा वाईट झाला. ज्या गावात एकदा असं होतं, तिथे पुढच्या वेळी कुणी रक्त देत नाही.

एका जुन्या पशुवैद्यकांनी मला हे कोकणातल्या देवळाच्या भाषेत सांगितलं. देवाला कौल लावतात, तेव्हा मूर्तीला कळ्या चिकटवून ठेवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "पण गुरव आधी गाऱ्हाणं नीट घालतो," ते म्हणाले. "कोण आलंय, काय अडलंय, काय करायचं ठरलंय, सगळं. प्रश्नच धड नसेल तर कौलाला अर्थ नाही. अन् कौल मिळाल्यावर तो पाळायची तयारी नसेल, तर लावूच नये." प्रयोगशाळेतल्या नळीसोबत एक छापील कागद जातो. तेच ते गाऱ्हाणं. जनावराचं वय, गाभडल्याची तारीख, टोचलेल्या लसी, कळपात किती जनावरं, नवीन आणलेली कुठून. वस्तीवरच्या त्या पाच नळ्यांसोबत गेलेल्या कागदावर दोनच शब्द होते: 'शेळी, पाच'.

*

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा वस्तीवर गेलो. या वेळी डॉक्टरांनी मोठ्या शेळ्यांपैकी एकही सोडली नाही. आधी कानातला बिल्ला वाचायचा, नंबर नळीवर लिहायचा, मग सुई. नळ्या थर्माकोलच्या डब्यात बर्फावर, फडक्यात गुंडाळलेल्या. मालकीणबाई एकेक शेळी धरून आणत होत्या. काळी मधल्या काळात व्यायली होती. दोन करडं, दोन्ही उड्या मारणारी. वार हाताने उचलून उकिरड्यावर टाकली, असं त्या सहज बोलून गेल्या. डॉक्टरांचा हात थांबला.

"मावशी, घरात कुणाला ताप?"

थोरल्या मुलाला महिनाभर येत-जात होता. अंग मोडून येतं, रात्री घामाने चादर भिजते. टायफॉइडची औषधं दोनदा झालेली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर रक्ताच्या तपासणीचं नाव लिहून दिलं आणि तालुक्याच्या डॉक्टरांना शेळ्यांचं सांगा, असं बजावलं. हा ताप असेल तर सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, मध्येच सोडल्या की उलटतो. दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका. पुढच्या वेळी वार खोल खड्ड्यात, वर चुना, आणि हात पिशवीत घालून.

मग ते बाजेवर बसले आणि नळ्यांसोबतचा कागद भरू लागले. आधीच्या वेळी रिकामी राहिलेली सगळी चौकटीतली घरं. किती गाभडल्या: सात. कितव्या महिन्यात: चौथ्या-पाचव्या. लस: पीपीआर, आंत्रविषार. नवीन आणलेलं जनावर?

मालकीणबाईंनी काळीकडे बघितलं.

"हीच की. तीन महिनं झाले, आठवडी बाजारातून आणली. गाभण म्हणून जास्तीचे पैसे मोजले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "इकणारी बाई म्हणली होती, अगदी निर्मळ जनावर आहे, घरच्यासारखं. तिला ठावं असंल का हो?"

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. त्या घरात त्यांनी 'आठवडी बाजार' लिहिलं आणि पुढे तारीख टाकली.